मोल्सवर्थ आणि तेंडुलकर

मराठी भाषेचा अभ्यास करणाऱ्या मनुष्यास ज्या परकी आडनावाचा उच्चार वारंवार करावा लागतो, ते आडनाव मोल्सवर्थ हे होय. कप्तान जेम्स टॉमस मोल्सवर्थ (१७९५–१८७१) या इंग्रज गृहस्थाने जॉर्ज व टॉमस कँडी या बंधूंच्या आणि अनेक शास्त्रीमंडळींच्या साहाय्याने मराठी-इंग्रजी कोश रचून तो १८३१ साली प्रसिद्ध केला. पुढे १८५७ साली त्याची वाढविलेली दुसरी आवृत्ती निघाली. तीत सुमारे साठ हजार शब्द आहेत. आज इतक्या वर्षांनंतरही एखाद्या जुन्या शब्दाविषयी वाद पडला म्हणजे ‘मोल्सवर्थ काढून पाहा’ असे जाणते लोक म्हणतात. मनुष्याचे नाव पुस्तकाचे नाव होऊन बसावे, हा मान थोड्यांच्याच वाट्यास येतो. परंतु ज्याने आपल्या शब्दांची इतक्या कसोशीने विचारपूस केली, त्याच्या स्वतःच्या आडनावाची विचारपूस मात्र फारशी कोणी करीत नाही. ती आम्ही येथे करणार आहो. आणि ती करता करता आपण आपल्याच कुडाळ तालुक्यात येऊन पोहोचतो, असे वाचकांच्या ध्यानात येईल.

इंग्लंडच्या पूर्व भागी, पूर्वी हंटिंग्डनशायर म्हणून ओळखल्या जाणाऱ्या व आता केंब्रिजशायरमध्ये मोडणाऱ्या मुलखात, मोल्सवर्थ नावाचे एक लहानसे खेडे आहे. नॉर्मंडीचा सरदार विल्यम याने १०६६ साली इंग्लंड जिंकले आणि वीस वर्षांनी, म्हणजे १०८६ साली, सर्व राज्यातील गावे, जमिनी, नांगर, गिरण्या व गुरेढोरे यांची मोजदाद करविली. त्या मोजदादीच्या दप्तरास इंग्रज लोक ‘डूम्सडे बुक’ म्हणतात; शेवटल्या न्यायाच्या दिवशी जसे अपील नाही, तसे या दप्तरापुढेही नाही, असा त्या नावातला विनोद आहे. या दप्तरात आपले खेडे ‘मोल्सवर्दे’ अशा रूपाने नमूद आहे. जुन्या इंग्रजीत ‘वर्थ’ म्हणजे कुंपण घालून राखलेली जागा, वस्ती. आणि ‘मूल’ हे तेथील कोणा प्राचीन मालकाचे नाव. तेव्हा मूल नावाच्या मनुष्याने कुंपण घालून वसविलेली जागा ती मोल्सवर्थ.

आता आपल्याकडे पाहा. संस्कृतात ‘वाट’ या शब्दाचा एक अर्थ कुंपण किंवा कुंपणाने वेढलेली जागा असा आहे. त्यावरूनच आपला वाडा आणि आपली वाडी आली. सावंतांची वाडी ती सावंतवाडी. मूलची वाडी ती मोल्सवर्थ. हजारो मैलांवरील दोन गावे, दोन निराळ्या भाषा, पण नाव ठेवण्याची रीत एकच. वर्ड्स्वर्थ हा इंग्रज कवी आमच्या विद्यार्थ्यांस पाठ्यपुस्तकातून परिचित आहे. त्याचेही आडनाव याच घडणीचे असून कोण्या ‘वाडी’वरूनच पडलेले आहे. (याच कवीचे नातू विल्यम वर्ड्स्वर्थ हे मुंबईस एल्फिन्स्टन कॉलेजाचे प्राचार्य होते, आणि एल्फिन्स्टन हेही मुळात स्कॉटलंडातील एका ठिकाणाचेच नाव.)

गावाचे नाव मनुष्यास कसे चिकटले, हे समजण्यासाठी एक गोष्ट लक्षात घेतली पाहिजे. नॉर्मन लोक येण्यापूर्वी इंग्लंडातील सामान्य मनुष्यास एकच नाव असे. वस्त्या लहान होत्या, सर्व लोक एकमेकांस ओळखीत, आणि एकाच नावाचे दोन असामी झाले तर ‘तांबडा जॉन’ व ‘ओढ्याकाठचा जॉन’ असे म्हटले की काम भागे. नॉर्मन सरदारांनी आपल्या जहागिरीच्या गावाचे नाव स्वतःच्या नावापुढे लावण्याची चाल आणली. मग कर आले, कचेऱ्या आल्या, लेख आले. १३७७, १३७९ आणि १३८० अशी तीन वेळा डोईपट्टी बसविण्यात आली. ती वसूल करावयाची तर कोणता जॉन पैसे देऊन गेला आणि कोणता राहिला, हे कारकुनास कळावयास नको काय? १४१३ साली एक कायदा झाला, त्याअन्वये न्यायालयाच्या काही कागदांत मनुष्याच्या नावासोबत त्याचा दर्जा अगर धंदा आणि त्याचे राहण्याचे गाव लिहिणे आवश्यक ठरले. १५३८ साली आठव्या हेन्री राजाचा मंत्री टॉमस क्रॉम्वेल याने प्रत्येक धर्मग्रामाच्या पाळकास हुकूम केला की बाप्तिस्मा, विवाह व दफन यांची नोंदवही ठेवावी. बापाचे आडनाव मुलाच्या नोंदीत, मुलाचे नातवाच्या नोंदीत, असे ते उतरत गेले आणि जे काही चालीने घडत होते ते शाईने पक्के झाले. आरंभी ‘मोल्सवर्थचा जॉन’ असे लिहीत. पुढे मधला षष्ठीचा शब्द गळाला आणि ‘जॉन मोल्सवर्थ’ एवढेच उरले. इंग्रजी भाषेस आपल्यासारखा ‘कर’ प्रत्यय नाही. म्हणून नुसते गावाचे नावच आडनाव होऊन बसले. मोल्सवर्थसाहेबांचे आडनाव मराठीत सांगावयाचे झाले तर ‘मूलवाडीकर’ असे सांगावे लागेल.

आता आपण खुद्द आपल्या परगण्यात येऊ. कुडाळ तालुक्यात तेंडोली नावाचे गाव आहे. या गावाचे नाव न ऐकलेले कोट्यवधी लोक जगात असतील. परंतु या गावावरून पडलेले आडनाव न ऐकलेला मनुष्य निदान हिंदुस्थानात तरी सापडणे कठीण. नाटककार विजय तेंडुलकर (१९२८–२००८), महात्मा गांधींचे चरित्र १९५१ ते १९५४ या काळात आठ खंडांत प्रसिद्ध करणारे डी. जी. तेंडुलकर, आणि १९७३ साली जन्मलेला सचिन तेंडुलकर, ज्याचे वडील रमेश तेंडुलकर हे मराठीचे प्राध्यापक व कवी होते, ही सर्व नावे तेंडोलीची आठवण वाहून नेत आहेत. हे सगळे एका रक्ताचे आहेत, असे मात्र यावरून मुळीच ठरत नाही. गावावरून पडलेले आडनाव हे गावचे असते, कुळाचे नसते. एकाच गावातून निघालेली चार भिन्न जातींची चार कुटुंबे चार ठिकाणी जाऊन एकच आडनाव सांगू लागतात. मोल्सवर्थ आडनावाचे सर्व लोक एका मूळपुरुषाचे वंशज असतील असे समजणे जितके भाबडेपणाचे, तितकेच हेही.

व्याकरणाच्या विद्यार्थ्यांनी येथे क्षणभर थांबावे, कारण आमच्या मते ही जागा रम्य आहे. ‘कर’ प्रत्यय लागताना गावाच्या नावाचे शेवटचे अक्षर कसे वागते, ते पाहण्यासारखे आहे. शेवटी दीर्घ ईकार असला तर तो बहुधा गळतो: तेंडोलीचा तेंडुलकर, खानोलीचा खानोलकर, रेडीचा रेडकर, मंगेशीचा मंगेशकर, आणि आपल्या पिंगुळीचा पिंगुळकर. तेंडोलीच्या बाबतीत आणखी एक चमत्कार झाला. शेवटचा ईकार गेल्यावर मधल्या ‘डो’वरील जोर उतरला व तो ‘डु’ झाला. शेवटी एकार असला तर तो टिकतो: परुळे – परुळेकर, वेंगुर्ले – वेंगुर्लेकर. अकारान्तास काहीच होत नाही: कुडाळकर, मालवणकर, नेरूरकर, वालावलकर, पाटकर, झारापकर. हा नियम सर्वत्र अढळ आहे असे कोणी समजू नये. काशीकर आणि पणजीकर यांनी आपला ईकार सोडलेला नाही. भाषेत नियम असतात, पण ते मास्तरांच्या छडीसारखे नसतात. आणखी एक सावधगिरी: एकाच नावाची दोन गावे असू शकतात. शिरोडे वेंगुर्ले तालुक्यात आहे आणि शिरोडा गोमंतकात फोंड्याजवळही आहे. तेव्हा शिरोडकर कोठला, हे आडनावावरून नव्हे, तर त्याच्या आजीस विचारूनच कळेल.

गावाच्या आडनावात एक मर्म आहे, ते बहुतेकांच्या ध्यानात येत नाही. तेंडोलीत राहणाऱ्यास तेंडुलकर म्हणण्याचे कोणास प्रयोजन? तेथे तर सगळेच तेंडोलीचे. मनुष्य गाव सोडून गेला म्हणजे मग परगावचे लोक त्यास गावाच्या नावाने हाक मारतात. म्हणजे ज्या आडनावात गाव आहे, त्या आडनावाच्या पोटात गाव सोडल्याची एक हकीकत आहे. कोणी दुष्काळात निघाला असेल, कोणी लढाईत, कोणी भाऊबंदकीस कंटाळून, कोणी देव पाठीवर घेऊन, कोणी मुंबईच्या गिरणीत पोट भरण्यासाठी आगबोटीने. गावी असताना हेच घराणे कदाचित प्रभू, सामंत, देसाई किंवा गावकर अशा हुद्द्याच्या नावाने ओळखले जात असेल. कुडाळ प्रांतावर प्रभूंची देसगत होती आणि सतराव्या शतकात येथे वाडीच्या सावंतांचा अंमल बसला. पण परमुलखात ‘कुडाळचे प्रभू’ या शब्दांतील प्रभू गळून कुडाळकर तेवढे राहिले, अशी उदाहरणे आमच्या भागात घरोघर निघतील. मुंबईच्या शाळेतील मास्तरांनी नोंदवहीत जे लिहिले तेच पुढे कायम झाले.

आमच्या पवित्र शास्त्रातही हीच रीत आहे, हे येथे सांगितल्यावाचून राहवत नाही. आपण मराठीत सहज ‘नासरेथकर येशू’ असे म्हणतो. तो नासरेथात असेपर्यंत त्यास तेथले लोक सुताराचा मुलगा म्हणून ओळखीत. गाव सोडून यार्देनेकडे व पुढे गालीलभर फिरू लागल्यावर तो नासरेथकर झाला. मरिया मग्दालीया म्हणजे मग्दाला गावची मरिया. योसेफ अरिमथाईकर, शौल तार्सकर. उलट शिमोन हा योनाचा पुत्र, याकोब व योहान हे जब्दीचे पुत्र, आणि बर्थलमय या नावाचाच अर्थ तलमयाचा पुत्र असा आहे. नथनेलास फिलिप्पाने येशूविषयी सांगितले, तेव्हा नासरेथातून काही चांगले निघते काय, असाच प्रश्न त्याने केला, हे योहानाच्या शुभवर्तमानाच्या पहिल्या अध्यायात आहे. म्हणजे मनुष्यास पाहण्यापूर्वी त्याचे गाव ऐकून मत बनविण्याची खोड जुनीच आहे. फिलिप्पाने वाद घातला नाही. त्याने त्यास येऊन पाहावयास सांगितले.

बापाच्या नावावरून पडलेली आडनावे इंग्रजीत विपुल आहेत. मुंबईच्या विल्सन कॉलेजास ज्यांचे नाव आहे ते डॉक्टर जॉन विल्सन (१८०४–१८७५) स्कॉटलंडातील लॉडर गावी जन्मले आणि १८२९ साली मुंबईस आले. विल्सन म्हणजे विलचा, अर्थात विल्यमचा, पुत्र. ज्या विल्यमने १०६६ साली इंग्लंड जिंकले, त्याच्यामुळे ते नाव त्या देशात घरोघरी गेले; इतके की जेत्याचे नाव जितांच्या नातवंडांचे आडनाव बनले. आमच्या मालवणच्या किनाऱ्यावरील रोमन कॅथलिक बांधवांची आडनावेही याच जातीची आहेत. पोर्तुगिजांनी १५१० साली गोवे घेतल्यानंतर तेथे बाप्तिस्मा घेणारांस पुष्कळदा पाद्रीचे अगर धर्मपित्याचे आडनाव मिळे. त्यातील पुष्कळ कुटुंबे पुढे उत्तरेस आमच्या मुलखात येऊन राहिली. फर्नांडिस म्हणजे फर्नांडोचा पुत्र, रॉड्रिग्ज म्हणजे रॉड्रिगोचा, गोन्साल्विस म्हणजे गोन्सालोचा. आणि डिसोझा? त्यातील ‘डि’ ही षष्ठी होय. सोझा हे पोर्तुगालमधील नदीचे व तिच्या आसपासच्या मुलखाचे नाव. म्हणजे आमच्या वर्गात शेजारी शेजारी बसणारे डिसोझा आणि पिंगुळकर हे दोघेही ‘करच’ आहेत. एकाचे गाव हाकेच्या अंतरावर, दुसऱ्याचे सात समुद्रांपलीकडे, आणि ते त्याच्या कोण्याही पूर्वजाने कधी पाहिले नसण्याचाच संभव अधिक.

मराठी प्रॉटेस्टंट समाजाची गोष्ट निराळी आहे. आमच्यात बहुतेकांनी जुनी आडनावे टाकली नाहीत. नारायण वामन टिळक १८९५ साली ख्रिस्ती झाले. टिळक ते टिळकच राहिले. ‘यमुनापर्यटन’ (१८५७) लिहिणारे बाबा पद्मनजी यांचे घराण्याचे आडनाव मुळे; परंतु जगाने त्यांस वडिलांच्या, म्हणजे पद्मनजींच्या, नावानेच ओळखले, आणि या अर्थी ते आपले मराठी ‘विल्सन’ होत. आमच्या विद्यालयातील गायकवाड, कदम, साळवी यांस बाहेरचे लोक जेव्हा विचारतात, ‘आडनाव तर आपल्यातले दिसते, मग ख्रिस्ती कसे?’ तेव्हा त्यांनी गोंधळून जाऊ नये. धर्म मनुष्य पत्करतो. आडनाव त्यास आजोबांकडून येते. दोहोंचा हिशेब निराळ्या वहीत आहे.

धंद्यावरून पडलेल्या आडनावांपाशी मात्र आम्हांस जरा अधिक वेळ थांबले पाहिजे, कारण येथे इंग्लंडची व आपली वाट फुटते. इंग्लंडात सर्वांत अधिक आढळणारे आडनाव स्मिथ, म्हणजे लोहार. पॉटर म्हणजे कुंभार, कार्पेंटर म्हणजे सुतार, टेलर म्हणजे शिंपी, शेपर्ड म्हणजे मेंढपाळ. क्लार्क म्हणजे मुळात धर्मोपदेशक. लिहिणेवाचणे त्यांनाच येत असल्यामुळे पुढे त्याचा अर्थ कारकून झाला. १३८१ साली वर सांगितलेल्या डोईपट्टीविरुद्ध शेतकऱ्यांनी जे मोठे बंड केले, त्याचा पुढारी वॉट टायलर. त्याच्या आडनावाचा अर्थ कौले घालणारा. (कोकणातील मुलास हा अर्थ समजावून सांगावा लागणार नाही. ज्यांस आपण मंगळुरी कौले म्हणतो, त्यांचा कारखाना १८६५ साली मंगळूर येथे बासेल मिशनने काढला, हे मात्र पुष्कळांस ठाऊक नसते.) तिकडे काय झाले, तर लोहाराचा मुलगा शेतकरी झाला, त्याचा मुलगा नाविक झाला, नातू प्रधान झाला, आडनाव स्मिथच राहिले, पण त्यातील घण व भाता केव्हाच विझून गेला. अॅडम स्मिथ या अर्थशास्त्रज्ञास कोणी घोड्याचा नाल ठोकावयास बोलाविले नाही. पॉटरच्या मुलाने मार्शलच्या मुलीशी लग्न केले, तर आडनावे ऐकून भुवया चढविणारा मनुष्य तेथे मिळत नाही. तिकडे भेद नव्हते असे नव्हे. श्रीमंत व गरीब, जमीनदार व कूळ हे भेद पुष्कळ होते. पण ते आडनावात कोरून ठेवलेले नव्हते.

आपल्याकडे उलट झाले. लोहार, सुतार, कुंभार, परीट ही नुसती धंद्याची नावे राहिली नाहीत. ती जातीची नावे झाली, आणि धंदा सुटला तरी जात सुटली नाही. कुलकर्णी हे गावचा हिशेब ठेवणाऱ्याचे वतन. १९५० च्या कायद्याने ती वतने रद्द झाली, पण कुलकर्णी आजही लाखांनी आहेत आणि त्यांतील पुष्कळांनी गावचा दप्तरखाना डोळ्यांनीही पाहिलेला नाही. हे असेपर्यंत आमची तक्रार नाही. तक्रार आहे ती आगगाडीत, खानावळीत, भाड्याने खोली पाहताना, आणि दुर्दैवाने कधी कधी शाळेच्या आवारातही विचारल्या जाणाऱ्या एका प्रश्नाविषयी. ‘नाव काय?’ असे विचारून नाव सांगितले की लगेच ‘पूर्ण नाव काय?’ असा दुसरा प्रश्न येतो. विचारणारास नाव नको असते, त्यास जात पाहिजे असते. आणि ती सरळ विचारण्याची लाज वाटते म्हणून तो आडनावाच्या खिडकीतून आत डोकावतो. गावाचे आडनाव असलेला मुलगा येथे सुटतो, कारण ‘कर’ सर्व जातींत आहेत. धंद्याचे अगर कुळाचे आडनाव असलेला सापडतो. मग तो गावाचे आडनाव घेण्याच्या विचारास लागतो. कित्येकांनी तसे घेतलेही आहे, आणि त्यांस नावे ठेवण्याचे धाडस आमच्याने तरी होणार नाही.

अंगावरून, स्वभावावरून किंवा एखाद्या प्रसंगावरून पडलेली आडनावे दोन्ही देशांत आहेत. तिकडे ब्राउन, शॉर्ट, आर्मस्ट्राँग. इकडे काळे, गोरे, बोबडे, एकबोटे, दहातोंडे, सहस्रबुद्धे, वाघमारे. बिशप आडनावाच्या इंग्रजाचा पूर्वज बिशप असण्याचा संभव फारच थोडा. यात्रेतल्या नाटकात त्याने बिशपाचे सोंग आणले असेल, एवढेच. वर्गात या नावांवरून थट्टा होते. एकबोटे यांस बोटे मोजावयास सांगणाऱ्या मुलांनी एवढे ध्यानात ठेवावे की त्यांच्या स्वतःच्या आडनावाचा अर्थ त्यांस बहुधा ठाऊकच नसतो.

मुलींचा प्रश्न वेगळा आहे. आमच्या विद्यार्थिनी विचारतील की, आमचे आडनाव कोणते, माहेरचे की सासरचे? पंडिता रमाबाई (१८५८–१९२२) यांचे माहेरचे आडनाव डोंगरे, लग्नानंतरचे मेधावी. पण ज्या नावाने त्यांचे कार्य जगात गेले त्यात आडनाव नाहीच. लग्नानंतर आडनाव बदललेच पाहिजे अशी सक्ती कायद्याने केलेली नाही. महाराष्ट्र सरकारने १ मे २०२४ रोजी व त्यानंतर जन्मलेल्या बालकांच्या नोंदीत मुलाचे नाव, मग आईचे नाव, मग वडिलांचे नाव आणि शेवटी आडनाव असा क्रम ठरविला आहे. आईस नावात जागा मिळण्यास इतकी वर्षे लागली. आडनावाची जागा अद्याप बापाकडेच आहे.

आता पिंगुळीच्या वेशीवरील गोष्ट सांगून हा लेख आटोपता घेऊ. आपल्या पिंगुळीच्या गुढीपुरात राहणारा ठाकर समाज चित्रकथी, कळसूत्री बाहुल्या व चामड्याच्या बाहुल्यांचा खेळ या कलांबद्दल दूरवर प्रसिद्ध आहे. सावंतवाडीच्या राजांनी या कलेस आश्रय दिला. या समाजातील परशुराम गंगावणे यांस २०२१ साली पद्मश्री मिळाली, हे आमच्या विद्यार्थ्यांस सांगावयास नको. परंतु या समाजाच्या नावाने त्यास किती पिढ्या अडचणीत घातले, हे मात्र सांगावयास पाहिजे. ‘ठाकर’ आणि ‘ठाकूर’ ही दोन रूपे कागदोपत्री एकमेकांच्या जागी येत राहिली. ‘ठाकूर’ हे नाव तर उत्तर हिंदुस्थानातील रजपूत जमीनदारांपासून बंगालच्या रवींद्रनाथांच्या घराण्यापर्यंत अनेक उच्चवर्णीयांचे आहे. त्यामुळे आडनाव ऐकले की अधिकाऱ्याच्या मनात शंका येई: हे आदिवासी कसे? त्यात आणखी भर अशी की, १९५६ च्या यादीत ठाकूर-ठाकर जमातीस ठाणे, कुलाबा, नाशिक, पुणे, अहमदनगर या जिल्ह्यांतील काही तालुक्यांपुरतीच अनुसूचित जमात म्हणून मान्यता होती. आपला रत्नागिरी जिल्हा, ज्यात तेव्हा हा सगळा भाग होता, त्या यादीत नव्हता. मनुष्य तोच, चाल तीच, पण त्या तालुक्यांत तो आदिवासी आणि आमच्या जिल्ह्यात नाही. १९७६ च्या कायद्याने ही प्रदेशाची मर्यादा उठविली. तथापि पडताळणीचे फेरे संपले नाहीत. चालीरीती, देवदेवता, विवाहविधी यांविषयी प्रश्न विचारून जमात ठरविण्याची कसोटी लावण्यात येई. ती कसोटी म्हणजे अखेरचा शब्द नव्हे, असे सर्वोच्च न्यायालयाने मार्च २०२३ मध्ये ठाकूर जमातीच्या संस्थेच्याच खटल्यात स्पष्ट केले.

मग अशा वेळी वजन कशास येते? जुन्या कागदास. त्यातही स्वातंत्र्यापूर्वीच्या नोंदीस अधिक. पणजोबाचा शाळेतील दाखला, जन्ममृत्यूच्या वहीतील ओळ, खरेदीखतावरील नाव. १९३० किंवा १९४० साली कोण्या खेड्यातील शाळामास्तराने बोरू शाईत बुडवून, समोर उभ्या असलेल्या अनवाणी मुलाकडे पाहून, रकान्यात ‘ठाकर’ लिहिले, ‘ठाकूर’ लिहिले, की कंटाळून नुसते ‘हिंदू’ लिहिले, यावर आज त्याच्या पणतीचा वैद्यकीय महाविद्यालयातील प्रवेश अवलंबून आहे. क्रॉम्वेलच्या हुकुमाने नोंदवही उघडणाऱ्या इंग्रज पाळकास जशी आपल्या लेखणीच्या परिणामांची कल्पना नव्हती, तशीच या मास्तरासही नसावी. आम्हां शिक्षकांच्या हाती पगार थोडा असतो, पण ही एक सत्ता फार मोठी असते.

येत्या जूनमध्ये नवीन मुलांची नावे घालावयास येताना पालकांनी जन्माचा दाखला व घरातील सर्वांत जुना शाळेचा दाखला, दोन्ही बरोबर आणावे. आईवडिलांपैकी एकाने स्वतः यावे. शेजाऱ्याच्या हाती मुलास पाठवू नये. आडनाव घरी जसे उच्चारतात आणि जुन्या कागदांवर जसे आहे, त्यात फरक असेल तर तो तेथेच आम्हांस सांगावा, म्हणजे कोणते रूप कायम ठेवावयाचे ते विचार करून लिहिता येईल. नोंद झाल्यावर ती ओळ मोठ्याने वाचून दाखवावयास सांगावी, वाचता येत असल्यास अक्षर अन् अक्षर स्वतः पाहावे, आणि मगच सही किंवा अंगठा करावा.